"मॅडम, ह्या पेशंटला काही आहे का?" : डेंटलच्या मुलांना रक्तातून पसरणारे आजार कसे शिकवायचे

थर्ड इयरची मुलं पहिल्यांदा खऱ्या पेशंटसमोर उभी राहतात ना, तेव्हा चेअरच्या मागे येऊन हळूच एक प्रश्न विचारतात. मॅडम, ह्या पेशंटला काही आहे का? काही म्हणजे एचआयव्ही, कावीळ असलं काहीतरी. प्रश्न प्रामाणिक असतो, पोरं घाबरलेली असतात आणि घरूनही सांगून पाठवलेलं असतं की बाई सांभाळून कर. पण ह्या प्रश्नाचं उत्तर कोणाकडेच नसतं. माझ्याकडे नसतं, केसपेपरवर नसतं आणि बऱ्याचदा खुद्द पेशंटकडेही नसतं. हे एकदा मुलांच्या डोक्यात नीट बसलं की पुढचं शिकवणं सोपं जातं, आणि नाही बसलं तर कितीही लेक्चरं घ्या, परीक्षेत चार पानं लिहून येतात आणि क्लिनिकमध्ये त्याच ग्लोव्हजनी मोबाईल उचलतात.

मी नवी मुंबईत शिकवते. नेरूळ, बेलापूर, खारघर, कामोठे ह्या एवढ्याशा पट्ट्यात डेंटल कॉलेजं भरपूर आहेत आणि सगळ्यांच्या ओपीडीत पेशंट येतात ते तुर्भे, घणसोली, पनवेल, उरणपासून ते पार कळवा-मुंब्र्यापर्यंतचे, कारण खर्च कमी असतो. दात काढणं, साफ करणं, रूट कॅनाल, बरंचसं काम विद्यार्थ्यांच्याच हातून होतं, वर शिक्षक लक्ष ठेवतात. म्हणून हे विद्यार्थ्यांसाठी तर आहेच, पण त्यांच्या आईवडिलांसाठी आणि त्या चेअरवर तोंड उघडून बसणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्यांसाठीही आहे.

आधी आकडे बघू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात हिपॅटायटिस बी, म्हणजे यकृताला सूज आणणारा व्हायरस, घेऊन जगणारी माणसं जवळपास ३ कोटी आहेत आणि हिपॅटायटिस सी वाली ५५ लाखांच्या आसपास. एचआयव्हीचे साधारण २५ लाख. म्हणजे नुसता हिपॅटायटिस बी धरला तरी साधारण ४५-५० माणसांमागे एक. कुठल्याही कॉलेजच्या ओपीडीत एका सकाळी ह्याहून जास्त पेशंट येऊन जातात. त्यातल्या बहुतेकांना आपल्याला काही आहे हेच माहीत नसतं, कारण हिपॅटायटिस बी आणि सी वर्षानुवर्षं अंगात गप्प बसून राहतात, डोळे पिवळे होत नाहीत, ताप येत नाही, माणूस कामावर जातो, जेवतो, दात दुखला की आपल्याकडे येतो. एचआयव्हीत तर लागण झाल्यावर पहिले काही आठवडे टेस्टही निगेटिव्ह येऊ शकते, आणि नेमकं त्याच काळात रक्तात व्हायरस सगळ्यात जास्त असतो. त्यामुळे रिपोर्ट बघून काळजी घ्यायची ठरवली तर ज्याचा रिपोर्ट नाही किंवा ज्याचा रिपोर्ट चुकीच्या वेळी काढलाय त्याच्यापाशी आपण बेसावध राहणार.

म्हणून १९८७ साली अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, सांगितलं की कोणाला आहे नि कोणाला नाही हे शोधत बसू नका, प्रत्येकाचं रक्त संसर्गाचं आहे असं धरूनच काम करा. पुढे १९९६ मध्ये त्यालाच जरा व्यापक करून स्टँडर्ड प्रिकॉशन्स म्हणायला लागले. डेंटलमध्ये ह्यात थुंकीसुद्धा धरतात, कारण आमच्याकडे थुंकी कोरी अशी मिळतच नाही, हिरडीला जरा काही लागलं की रक्त मिसळलंच. त्यात गरगर फिरणारी हत्यारं, पाण्याचा फवारा, एवढ्याशा तोंडात दोघांचे हात आणि चार टोकदार वस्तू. मेडिकलच्या मुलांना जे ऑपरेशन थिएटरमध्ये गेल्यावर बघायला मिळतं ते आमच्या मुलांच्या हातात पहिल्याच पोस्टिंगला येतं.

आता तीन व्हायरस, आणि इथे मुलांची भीती उलटी लागलेली असते. सगळे एचआयव्हीला घाबरतात. एचआयव्ही असलेल्या पेशंटला टोचलेली सुई आपल्याला टोचली तर लागण होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के, म्हणजे तीनशेत एक. हिपॅटायटिस सी साठी जुन्या पुस्तकात १.८ टक्के असतं, नवीन अभ्यासांत ते ०.२ च्या आसपास आलंय. आणि हिपॅटायटिस बी? लस न घेतलेल्या माणसाला ६ पासून ३० टक्क्यांपर्यंत, पेशंटच्या रक्तात व्हायरस किती आहे त्यावर. म्हणजे वाईट परिस्थितीत जवळजवळ तिघांत एक. शिवाय एचआयव्ही बाहेर वाळला की लवकर निकामी होतो, पण हिपॅटायटिस बी वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस तग धरतो. सोमवारी ड्रॉवरच्या मुठीवर लागलेला न दिसणारा ठिपका पुढच्या सोमवारपर्यंत कामाचा असू शकतो. डेंटलच्या मुलाने झोप उडवून घ्यायचीच असेल तर ह्याच्यासाठी घ्यावी, आणि चांगली गोष्ट अशी की तिघांपैकी लस फक्त ह्याच एकावर आहे.

लसीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे घरोघरी गोंधळ आहे. "लहानपणी सगळ्या लसी झाल्यात" असं आईबाबा छातीठोकपणे सांगतात. पण आत्ता जी मुलं कॉलेजात आहेत त्यांचे जन्म २००४ ते २००७ च्या आसपासचे, आणि आपल्या सरकारी लसीकरणात हिपॅटायटिस बी ची लस २००२-०३ मध्ये काही ठिकाणी सुरू होऊन देशभर पोचेपर्यंत २०११ उजाडलं. म्हणजे ह्या मुलांपैकी कोणाला प्रायव्हेट डॉक्टरांकडे मिळाली असेल, कोणाला दोनच डोस मिळाले असतील, कोणाला एकही नाही. कार्ड शोधा, नाही सापडलं तर नाही झाली असंच धरा आणि तीन डोस पूर्ण करा, पहिला आज, दुसरा महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्याला. तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर नावाची रक्ताची तपासणी करायची, आकडा १० किंवा जास्त आला की झालं काम, पुढे तो कमी झाला तरी दर काही वर्षांनी बूस्टर घेत बसायची गरज नसते, शरीराने ओळख लक्षात ठेवलेली असते. लहानपणी डोस झालेत आणि कार्डही आहे पण टायटर आता १० च्या खाली आलंय, तर एक डोस घेऊन महिन्या-दोन महिन्यांनी परत बघायचं, तरी नाही वाढलं तर उरलेले डोस पूर्ण करायचे. धडधाकट तरुणांमध्येही शंभरात पाच-दहा जणांना लस लागूच पडत नाही, आणि हे तपासल्याशिवाय कळायचा मार्गच नाही. हे सगळं मिळून सात-आठ महिन्यांचं काम आहे, त्यामुळे ॲडमिशनच्या कागदपत्रांसोबतच सुरू व्हायला हवं, थर्ड इयरला पहिला पेशंट घ्यायच्या आठवड्यात नाही. माझं तर स्पष्ट मत आहे की टायटरचा रिपोर्ट फाईलला लागल्याशिवाय मुलाला क्लिनिकल पोस्टिंग देऊच नये, मग तो कोणाचाही मुलगा असो.

लस झाली, आता हात. हे वर्गात शिकवून येत नाही, हातालाच शिकवावं लागतं. एक करून बघण्यासारखा प्रयोग सांगते. फँटम हेड म्हणजे मुलं ज्याच्यावर प्रॅक्टिस करतात ते रबरी तोंडाचं डोकं. त्याच्या तोंडात खायच्या लाल रंगाचं पाणी सोडायचं आणि मुलांना नेहमीसारखं एअरोटर, म्हणजे दात कोरायचं गरगर फिरणारं हत्यार, घेऊन काम करायला लावायचं, पार्टनर सक्शन म्हणजे पाणी ओढायची नळी धरणार, मधेच मटेरियल काढायचं, लाईट सरकवायचा, सगळं रोजच्यासारखं. दहा मिनिटांनी थांबवायचं आणि बघायचं. छातीवर आणि मास्कवर रंग असणार हे सगळ्यांना अपेक्षित असतं. पण तो लाईटच्या हँडलवर असतो, हवा-पाणी मारायच्या थ्री-वे सिरिंजच्या बटणावर असतो, ड्रॉवरच्या कडेला असतो, बाँडिंगच्या बाटलीच्या झाकणावर असतो आणि जवळजवळ प्रत्येक चष्मेवाल्याच्या चष्म्याच्या काडीवर असतो, कारण चष्मा घसरला की हात आपोआप वर जातो. पेनावर असतो. केसपेपरच्या कोपऱ्यावर असतो. तोच केसपेपर नंतर रिसेप्शनवर जातो, तिथल्या ताई त्याची पानं उलटतात आणि मग चहा घेतात. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली मुलं पुढचे कित्येक दिवस वेगळ्याच हातांनी काम करतात.

मराठी घरात वाढलेल्यांना मी हे खरकट्या हाताने समजावते. जेवताना उजवा हात खरकटा असतो, त्या हाताने लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही, पाण्याच्या तांब्यात बुडवायचा नाही, डाव्या हाताने वाढून घ्यायचं नाहीतर दुसऱ्याला वाढायला सांगायचं. हे आपल्याला चौथ्या-पाचव्या वर्षी कोणीतरी ओरडून शिकवलेलं असतं आणि आता विचारही न करता डावा हात पुढे जातो. ग्लोव्ह तोंडात गेला की तो खरकटा झाला, बस. मग त्याने काय काय धरायचं नाही ते वेगळं पाठ करावं लागत नाही.

आता हे जमवायचं कसं, तर मांडामांड आधी. सगळ्यात जास्त घोळ होतो तो काम सुरू झाल्यावर आठवतं म्हणून. कॉटन संपला, एअरोटरचं पातं म्हणजे बर दुसरा हवा, ग्लासआयोनोमर हे फिलिंगचं मटेरियल काढायचं राहिलं, की गेला हात ड्रॉवरमध्ये. पेशंट बसायच्या आधी ट्रेमध्ये लागणारं सगळं काढून ठेवलं, कॉटनचे बोळे मोजून घेतले, लाईटच्या हँडलला आणि बटणांना प्लॅस्टिकची फिल्म गुंडाळली, जी प्रत्येक पेशंटनंतर बदलायची, तर निम्म्याहून जास्त प्रश्न तिथेच संपतो. पार्टनरचे हात खरकटे होऊ देऊ नका, जे लागेल ते तो देईल. कोणीच नसेल तर ग्लोव्ह काढा, हात धुवा, वस्तू काढा, नवीन ग्लोव्ह घाला. वेळ जातो हो, जातोच. ग्लोव्हज धुऊन परत वापरायचे नाहीत, धुतल्याने त्यांना डोळ्याला न दिसणारी भोकं पडतात. आणि नव्या ग्लोव्हलाही बारीक भोक असू शकतं, म्हणून हात घालायच्या आधीही धुवायचे आणि काढल्यावरही.

ॲप्रनचंही बोलायलाच हवं. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने नेरूळला येणारी कितीतरी मुलं क्लिनिकमध्ये घातलेला ॲप्रन तसाच गुंडाळून बॅगेत, डब्याशेजारी, कोंबून नेतात. काही जण तर कॅन्टीनमध्येही तोच घालून बसतात. क्लिनिकचा ॲप्रन क्लिनिकमध्येच काढायचा, वेगळ्या पिशवीत बंद करून न्यायचा आणि घरी बाकीच्या कपड्यांपासून वेगळा धुवायचा.

आता सुई. भूल देऊन झाली, की उघडी सुई ट्रेमध्ये पडलेली असते आणि अजून एकदा भूल लागेल म्हणून टोपण लावावंसं वाटतं. डाव्या हातात टोपण, उजव्या हातात सिरिंज आणि दोन्ही एकमेकांकडे आणायचं, हा जो प्रकार आहे ना त्यातच सगळ्यात जास्त बोटं टोचली जातात. बरोबर पद्धत एका हाताची. टोपण ट्रेमध्ये आडवं पडलेलं असू द्यायचं, डावा हात पाठीमागे न्यायचा, मी खरंच पाठीमागे न्यायला लावते, आणि उजव्या हाताने सिरिंज आडवी धरून सुईचं टोक टोपणात सरकवायचं, मग सिरिंज उभी केली की टोपण आपोआप सुईवर बसतं, आणि शेवटी ट्रेच्या पृष्ठभागावर दाबून घट्ट करायचं. बोटांनी नाही. वीस-तीस वेळा कोऱ्या सुईने करवून घेतलं की हात बसतो. वाचताना सोपं वाटतं, पण घाईत डावा हात पुढे येतोच, आणि कोटा पूर्ण करायच्या शेवटच्या आठवड्यात तर हमखास येतो. कोट्याबद्दलही इथेच सांगते. इतकी एक्स्ट्रॅक्शन्स, इतकी स्केलिंग्ज, इतकी फिलिंग्ज पूर्ण केल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही, पेशंट मिळत नाहीत, मग एका सकाळी दोन-तीन पेशंट उरकायला बघतात, आणि उरकायचं म्हटलं की सगळ्यात आधी जी गोष्ट गळते ती हीच. हा मुलांचा दोष मानायला मी तयार नाही. कोटा मोजताना केसेस मोजतो तसे दोन पेशंटच्या मधलं हात धुणं आणि हत्यारं साफ करणंही मोजलं, त्याला मार्क दिले, तर मुलं आपोआप जपतील.

सुईच्याच विषयात एक अशी गोष्ट आहे जी फारशी कोणी बोलत नाही आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटते. आपल्याकडे भुलेचं औषध बऱ्याच ठिकाणी ३० मिलीच्या बाटलीत येतं, लिग्नोकेन, आणि एका बाटलीतून अनेक पेशंटना पुरतं. पेशंटला एकदा इंजेक्शन दिलं, भूल पूर्ण चढली नाही, तर तीच सिरिंज परत बाटलीत खुपसून औषध काढलं जातं. त्याच पेशंटला द्यायचंय ना मग काय बिघडलं, असं वाटतं. पण इंजेक्शन देताना सुईत आणि सिरिंजमध्ये पेशंटचं रक्त अगदी सूक्ष्म प्रमाणात मागे येतं, ते आता बाटलीत गेलं, आणि बाटली पुढच्या चेअरवर. इथे विद्यार्थ्याला काही टोचलेलं नाही, कोणाला काही दिसलेलं नाही, आणि पुढच्या चार पेशंटना धोका तयार झाला. नुसती सुई बदलून भागत नाही, सिरिंजही नवीन हवी. बाटलीला हात लावायचा तो दर वेळी नव्या सुईने आणि नव्या सिरिंजनेच, अपवाद नाही. एका पेशंटपुरती काचेची कार्ट्रिज परवडत असेल तर उत्तमच.

बाकी जखमा होतात त्या सुईपेक्षा वेगळ्याच ठिकाणी. एअरोटरमध्ये बर लावून तसाच स्टँडला अडकवलेला असतो आणि पलीकडचं काही घेताना मनगट घासलं जातं. ऑर्थोची, म्हणजे दात सरळ करायची, तार कापताना तुकडा उडतो, डोळ्यावर चष्मा नसेल तर संपलं. आणि काम झाल्यावर बेसिनपाशी हत्यारं धुताना, पातळ ग्लोव्हज घालून मूठभर प्रोब आणि स्केलर एकत्र घासताना. धुण्यासाठी जाड रबरी हातमोजे आणि लांब दांड्याचा ब्रश हवा, हत्यार पाण्याखाली धरून एकेक घासायचं.

धुणं हे निर्जंतुकीकरणाच्या आधीचं काम आहे, त्याच्याऐवजी नाही, आणि ते नीट झालं नाही तर पुढचं वाया. रक्त वाळून बसलेलं असेल तर त्याच्याखाली वाफ पोचत नाही. ऑटोक्लेव्ह म्हणजे दाबाखालची वाफ, १२१ डिग्रीला १५ पौंड दाबावर १५ ते २० मिनिटं, किंवा १३४ डिग्रीला तीन-चार मिनिटं, हत्यारं पाउचमध्ये बंद करून. पाउचवरची पट्टी रंग बदलते त्याचा अर्थ एवढाच की तिथपर्यंत उष्णता पोचली. आतले जंतू खरंच मेले का हे कळायला उष्णतेला सगळ्यात दाद न देणाऱ्या एका जिवाणूचे स्पोअर, म्हणजे त्याची टणक कवचातली बीजं, आत ठेवून तपासावे लागतात, आठवड्यातून एकदा. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात २०१३ मध्ये एका दंत शल्यचिकित्सकाच्या क्लिनिकमध्ये आरोग्य खात्याला गंजलेली हत्यारं सापडली आणि कळलं की तिथल्या ऑटोक्लेव्हची अशी तपासणी सहा वर्षं झालेलीच नव्हती. सुमारे ७ हजार पेशंटना रक्त तपासून घ्या म्हणून कळवावं लागलं, आणि तिथे एका पेशंटचा हिपॅटायटिस सी दुसऱ्या पेशंटला गेल्याचं व्हायरसच्या जनुकीय तपासणीतून सिद्ध झालं. मशीन रोज चालत होतं बरं का, फक्त ते काम करतंय का हे कोणी बघत नव्हतं.

निळ्या उजेडाचं ते जे काचेचं कपाट असतं, यूव्ही चेंबर, त्यात हत्यारं निर्जंतुक होत नाहीत, आधीच निर्जंतुक केलेली ठेवायची ती जागा. उकळत्या पाण्यात स्पोअर मरत नाहीत. ग्लुटाराल्डिहाइडच्या द्रावणात पंधरा-वीस मिनिटं बुडवून काढलेलं हत्यार फार तर डिसइन्फेक्ट होतं, म्हणजे बरेचसे जंतू मरतात पण सगळे नाही, निर्जंतुक व्हायला २ टक्क्यांच्या द्रावणात १० तास लागतात, आणि उष्णता सहन करणाऱ्या स्टीलच्या हत्याराला हा मार्ग वापरायचं कारणच नाही. एअरोटरचं म्हणाल तर तो थांबताना तोंडातलं पाणी-रक्त आत ओढून घेतो, त्यामुळे बाहेरून स्पिरिटने पुसून काही होत नाही. प्रत्येक पेशंटनंतर २०-३० सेकंद पाणी-हवा सोडून मग ऑटोक्लेव्ह. इथे मुलांची खरी अडचण आहे, एअरोटर महाग, प्रत्येकाकडे एकच, आणि ऑटोक्लेव्हचा एक फेरा पाउण-एक तासाचा. ह्यावर मुलांना लेक्चर देऊन उपयोग नाही, कॉलेजने डिपार्टमेंटचे जास्तीचे एअरोटर ठेवायला हवेत.

पेशंट घ्यायच्या कितीतरी आधी मुलं रक्ताच्या संपर्कात येतात, तेही कोणाच्या लक्षात येत नाही. सेकंड इयरला प्रॅक्टिससाठी खरे काढलेले दात लागतात, मग पोरं ठाणे, डोंबिवली, पनवेलचे ओळखीचे दवाखाने फिरून बाटलीत दात गोळा करतात आणि ती बाटली हॉस्टेलच्या टेबलावर किंवा घरी कपाटात. त्या दातांच्या मुळांना रक्त-मांस चिकटलेलं असतं. नुसतं हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये टाकून ते पांढरे दिसायला लागतात, निर्जंतुक होत नाहीत. ग्लोव्हज घालून साफ करा, पाण्याच्या बंद बाटलीत ऑटोक्लेव्ह करा, १२१ डिग्रीला ४० मिनिटं. चांदीचं फिलिंग असलेला दात ऑटोक्लेव्हमध्ये घालायचा नाही, त्यातून पाऱ्याची वाफ निघते, तो दोन आठवडे फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचा.

इतकं करूनही टोचतं कधीतरी. तेव्हा काय करायचं हे आधीच माहीत पाहिजे कारण त्या क्षणी डोकं चालत नाही. काम थांबवा. ग्लोव्ह काढून वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. बोट पिळून रक्त काढत बसू नका, तोंडात घालू नका, आणि त्यावर स्पिरिट, ब्लीच, आयोडीन ओतू नका, कातडी जळून उलट वाट मोकळी होते. डोळ्यात उडालं असेल तर भरपूर पाण्याने धुवा. मग लगेच शिक्षकांना सांगा. पेशंटला समजावून, त्यांच्या संमतीने एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी ची तपासणी करायची आणि विद्यार्थ्याचीही करायची. एचआयव्हीसाठीचं प्रतिबंधक औषध, पीईपी, शक्यतो दोन तासांच्या आत आणि जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं, तीन औषधांचं, २८ दिवस, सरकारी एआरटी सेंटरमधून, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथून, फुकट. हिपॅटायटिस बी ची लस झालेली नसेल किंवा लागू पडलेली नसेल तर इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार अँटीबॉडीजचं, इंजेक्शन, शक्यतो २४ तासांत, आणि सोबत लस. सी साठी असं आधी घ्यायचं औषध नाही, पण तपासण्या करत राहायचं, आणि लागण झालीच तर साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून जास्त लोक पूर्ण बरे होतात, २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात हा उपचार मोफत आहे. एचआयव्हीबद्दल काहीही विचारायचं असेल तर १०९७ ही फुकट हेल्पलाईन आहे. आपल्या कॉलेजला जवळचं एआरटी सेंटर कुठलं, दुपारी चारनंतर किंवा रविवारी पहिला डोस कुठे मिळेल, हे टोचायच्या आधी विचारून डिपार्टमेंटच्या भिंतीवर लावून ठेवायचं.

ह्यातला सगळ्यात अवघड भाग म्हणजे "लगेच शिक्षकांना सांगा". मुलं सांगत नाहीत. ओरडा बसेल, केस काढून घेतील, वर्गात नाव होईल, घरी कळेल, म्हणून बोटाला बँडेड लावून वर नवीन ग्लोव्ह चढवतात आणि काम चालू. ७२ तास असेच निघून जातात. म्हणून शिक्षकांना माझं मनापासून सांगणं आहे, टोचल्यावर सांगायला आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी एक शब्द बोलू नका. आधी हात धुवायला लावा, सोबत सेंटरला जा, कुठे चुकलं ते नंतर सावकाश बघू. एकाला नीट वागवलंत की दुसरा येतो.

आणि ज्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे त्या पेशंटचं काय. तो आला की कुजबुज सुरू होते, केसपेपरवर लाल शाईने मोठ्ठं लिहितात, तीन-तीन ग्लोव्हज, "उद्या या", "वरच्या हॉस्पिटलात जा". हे बेकायदा आहे. एचआयव्ही आणि एड्सचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, त्यात एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत आणि संमतीशिवाय टेस्टही करता येत नाही. त्याच कायद्यात कॉलेज-हॉस्पिटलांवरही जबाबदारी टाकलीय, कामाच्या ठिकाणी संरक्षणाची साधनं, ती वापरायचं शिक्षण आणि गरज पडली तर पीईपी हे सगळं त्यांनी द्यायचं. पण कायद्याच्याही आधी साधा हिशोब बघा. ज्याने खरं सांगितलं त्याला हाकललं तर पुढच्या दवाखान्यात तो गप्प बसणार. एचआयव्हीची औषधं नियमित घेणाऱ्या पेशंटच्या रक्तात व्हायरस इतका कमी झालेला असतो की तपासणीत सापडतही नाही, उलट शेजारच्या चेअरवर ज्याला काही माहीतच नाही त्याच्या रक्तात तो भरपूर असू शकतो. आणि ह्या पेशंटसाठी काहीतरी जास्तीचं करावंसं वाटतंय ह्याचा अर्थ बाकीच्यांसाठी आपण कमी करत होतो.

राहिल्या मावशी आणि मामा. काम संपल्यावर ट्रे उचलणारे, बेसिन धुणारे, पिशव्या बांधून खाली नेणारे. विद्यार्थ्याने कापसाच्या बोळ्यात सुई तशीच गुंडाळून पिवळ्या पिशवीत टाकली, की ती टोचते मावशींच्या मांडीला, जिना उतरताना. आणि ती कुठल्या पेशंटची हे कोणालाच सांगता येत नाही. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम ह्याबाबतीत स्पष्ट आहेत. सुई, ब्लेड, तार पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात, आणि तो डबा चेअरपाशीच हवा, हॉलच्या दुसऱ्या टोकाला नाही. रक्ताचा कापूस, गॉज आणि काढलेले दात पिवळ्या पिशवीत, पण चांदी भरलेला दात तिथे नाही कारण पिवळ्यातलं जाळायला जातं. ग्लोव्हज, सक्शनच्या नळ्या, सुई काढलेल्या सिरिंजा लाल पिशवीत. काचेच्या बाटल्या आणि कार्ट्रिज निळ्यात. ह्याच नियमांत हेही लिहिलंय की कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस संस्थेने द्यायची. मावशी-मामा बऱ्याचदा कंत्राटदाराकडून आलेले असतात, सहा महिन्यांत माणसं बदलतात, तिसरा डोस राहूनच जातो आणि टायटर तर कोणी काढतच नाही. फर्स्ट इयरच्या मुलांच्या लसीची यादी करताना त्याच कागदावर खाली त्यांचीही नावं लिहायची, त्याच दिवशी त्याच खोलीत डोस द्यायचे, आणि कंत्राट बदललं तरी नव्या माणसाचं नाव पहिल्याच आठवड्यात त्या यादीत चढायला हवं.